घाटाखालचं गाव आणि हवेतली पाळी

२०२० साली अधिक अश्विन आला आणि नवरात्र महिनाभर पुढं गेलं. पितृपक्ष संपला की दुसऱ्या दिवशी बसणारे घट त्या वर्षी १७ ऑक्टोबरला बसले. देवळं मार्चपासून बंद होती, ती बंदच राहिली. एरवी या दिवसांत तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते. सोलापूरकडून आणि कर्नाटकातून चालत येणाऱ्यांची रांग कोजागिरीपर्यंत तुटत नाही. त्या वर्षी महाद्वारापुढं पोलिसांचे कठडे होते आणि आत मोजके पुजारी. छबिना, अभिषेक, आरती सगळं होत होतं, फक्त बघायला माणूस नव्हता.

त्यातच घट बसायच्या तीन-चार दिवस आधी आभाळ फाटलं. १३ आणि १४ ऑक्टोबरच्या पावसानं सोलापूर, लातूर आणि आमचा धाराशिव जिल्हा (तेव्हा कागदावर उस्मानाबाद) धुऊन काढला. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी गेल्या, जमिनी खरवडून गेल्या. काटगाव, अपसिंग्याचं नुकसान बघायला मुख्यमंत्री येऊन गेले, हे पुष्कळांना आठवत असेल. आमच्या धंद्यातलं नुकसान कुणाच्या पंचनाम्यात आलं नाही. ओढ्यांवरच्या नळकांडी पुलांना बांधून नेलेली फायबर पुलासकट गेली होती.

मी त्या वेळी तुळजापुरात एका स्थानिक केबल आणि इंटरनेटवाल्याकडं नेटवर्क सांभाळायचो. आजूबाजूच्या गावांत लहान लहान केबलचालक असतात. एका खोलीत कंट्रोल रूम, तिथून गल्लीबोळांत तारा. आमचं लोकल चॅनेल त्यांना फायबरनं जायचं. देवीची पूजा इंटरनेटवर थेट दिसायची, पण रेंजच्या आशेनं मोबाईल हातात धरून गच्चीवर फिरणाऱ्या म्हातारीला त्याचा काय उपयोग? तिला टीव्हीवर हवं होतं. परडी भरून, आराध्यांची गाणी म्हणून झाली की टीव्हीपुढं बसायचं, अशी गावोगावच्या बायकांची तयारी होती. केबलचालकांचे फोन घटस्थापनेच्या आदल्या दिवसापासून सुरू झाले. फायबर जोडायला दिवस लागणार होते. हातात उरला होता तो टॉवरवरचा वायरलेस.

तुळजापूर बालाघाटाच्या अगदी कडेवर वसलंय. दक्षिणेला घाट उतरला की सोलापूरपर्यंत बऱ्यापैकी सपाटी. वायरलेसवाल्याला याहून चांगली जागा मागून मिळणार नाही. टॉवरवर दक्षिणेकडं तोंड करून नव्वद अंशांचा एक सेक्टर अँटेना होता आणि त्याच्या पट्ट्यात पाच गावांच्या कंट्रोल रूम येत होत्या. शिवाय त्याच सेक्टरवर घरगुती इंटरनेटची गिऱ्हाइकंही होती. हा सगळा खेळ ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरायला खुले केले, तेव्हापासून आमच्यासारख्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात अवघड काय? टॉवरवरून एकदा चित्र सोडलं की ज्याच्याकडं अँटेना आहे तो ते घेणार. आकाशवाणी नाही का, एकदा बोलते आणि हजारो ऐकतात. हवेचा गुणच तो आहे. तारेतून पाच ठिकाणी पाठवायचं तर पाच तारा लागतात, हवेत एकदा बोललं की पाचही जण ऐकतात. एकानं पाठवायचं आणि ठरावीक जणांनी घ्यायचं, या पद्धतीला आमच्या भाषेत मल्टिकास्ट म्हणतात. पण वायफायच्या जातीच्या रेडिओत याला एक खोड आहे आणि ती प्रत्येक केबलवाल्यानं कधी ना कधी भोगलेली असते.

एकाच गिऱ्हाइकाला डेटा पाठवला की ते प्रत्येक पाकिटाला ‘पोचलं’ अशी पावती उलट पाठवतं. पावती आली नाही तर रेडिओ ते पाकीट पुन्हा पाठवतो आणि पावत्या नीट येत असतील तर वेग वाढवत नेतो. मल्टिकास्टमध्ये पाच जणांनी एकदम पावती दिली तर सगळ्यांचा आवाज एकमेकांत मिसळेल. म्हणून कुणीच पावती द्यायची नाही असा नियम आहे. मग पाठवणाऱ्याला कळत नाही की कुणाला पोचलं आणि कुणाला नाही. तो सावध होतो आणि सगळ्यात खालच्या वेगानं बोलतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये हा वेग बहुधा सेकंदाला ६ मेगाबिट असतो. पावतीशिवायच्या या अडचणीवर २०१२ साली ८०२.११एए नावाची सुधारणा आली, पण आमच्या किमतीच्या रेडिओंना तिचा वाराही लागलेला नव्हता.

आता हिशेब बघा. देवीचं चित्र सेकंदाला ४ मेगाबिट. रेडिओ ६ च्या वेगानं बोलतोय. म्हणजे प्रत्येक सेकंदातला दोन तृतीयांश वेळ एकट्या या चॅनेलनं खाल्ला, वरखर्च वेगळाच. उरलेल्या एक तृतीयांशात सेक्टरवरची सगळी घरं. गिऱ्हाइकं आमच्याकडून ‘एमबीपीएस’ विकत घेतात, बिलावरही तेच छापलेलं असतं. पण टॉवरवर बसलेल्याला विचाराल तर आमच्याकडं विकायला फक्त वेळ असतो. जो हळू घेतो, तो जास्त वेळ खातो. त्याचं बिल मात्र तेवढंच असतं.

घटस्थापनेच्या संध्याकाळी आरतीच्या वेळी व्हायचं तेच झालं. घराघरांतलं इंटरनेट बसलं आणि कंट्रोल रूमवर चित्र चौकोन चौकोन होऊन तुटायला लागलं. घाटाखालच्या गावचे केबलचालक, वयानं मोठे, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, फोनवर ओरडले, “काय करायलाव तुमी तिथं? टावर आमच्या डोक्यावर हाय, अन् देवी दिसायलीय त्या लांबच्या गावाला! आमी काय पाप केलंय?”

आबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पाच गावांत त्यांचं गाव सगळ्यात जवळचं आणि सिग्नल सगळ्यात वाईट. सेक्टर अँटेनाचा झोत आडवा नव्वद अंश पसरतो, पण उभा जेमतेम सहा-सात अंश. तो लांबच्या गावांकडं रोखून लावलेला होता. घाटाखालचं गाव जवळ होतं पण खोल होतं, झोत त्याच्या डोक्यावरून जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सेक्टर खाली झुकवावा तर लांबची गावं हातची जातात. लांबच्या तीन गावांना ५० मेगाबिटचा वेग आरामात झेपायचा, चौथ्याला २५, आणि आबांच्या गावाला कसाबसा १०.

अशा वेळी सगळे सुचवतात तो पहिला उपाय म्हणजे रेडिओमध्ये एक टिक मारायची. मल्टिकास्टचं रूपांतर सुट्या पाठवण्यात होतं. प्रत्येकाला वेगळी प्रत, प्रत्येकाच्या झेपेल त्या वेगानं, पावतीसकट. चित्र स्वच्छ येतं यात शंका नाही. पण बेरीज करा: ५० वाल्या तिघांना प्रत्येकी ८ टक्के वेळ, चौथ्याला १६, आबांना ४०. झाले ८० टक्के. रोगापेक्षा औषध भारी.

दुसरा उपाय म्हणजे मल्टिकास्टचा वेग हातानं वाढवायचा, १० करायचा. सगळ्यात कमकुवत गावाला झेपेल तितकाच. मग चॅनेल ४० टक्के वेळ खातं आणि पाचही जण एकदमच ऐकतात. हा पहिल्यापेक्षा निश्चित बरा.

इथं पुष्कळांना वाटतं की गट पाडले तर आणखी वाचेल. जलद गावांचा एक गट, मधल्याचा एक, हळूचा एक. कागदावर करून बघा: ८ अधिक १६ अधिक ४०, म्हणजे ६४ टक्के. गट पाडून तोटा! कारण उघड आहे. आबांसाठी १० च्या वेगानं बोलायचंच असेल तर ते बोलणं बाकीच्या चौघांना फुकटात ऐकू येतंच. मग त्यांच्यासाठी वेगळं बोलायचं कशाला? एकाच झोतात बसलेल्यांचे गट पाडणं वाया जातं, हे मला त्या रात्री वहीवर आकडे मांडताना नीट समजलं. पुस्तकात वाचून ते तसं समजलं नव्हतं.

म्हणजे वाटणी कितीही हुशारीनं केली तरी ४० टक्क्यांच्या खाली येता येत नव्हतं, जोवर आबांचं गाव त्याच झोतात होतं. मालकांनी साधा हिशेबी प्रश्न विचारला, “ते एक गाव सोडलं तर?” सोडलं तर उरलेल्या चौघांना २५ च्या वेगानं एकदम पाठवता येतं आणि चॅनेल फक्त १६ टक्के वेळ खातं. ४० वरून १६. गणिताच्या बाजूनं बघितलं तर आबांचं गाव वगळणं हेच उत्तर होतं. मालक वाईट माणूस नव्हते, त्यांना बाकी शंभर घरांचे फोन येत होते.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कालव्याला पाणी सुटलं की पाळी ठरते, आणि शेपटाकडच्या शेताला पाणी पोचायला निम्मी पाळी वाटेतच मुरते. मग कुणीतरी म्हणतंच, शेवटच्या चारीचा नाद सोडा, बाकीच्यांचं भिजेल. फरक एवढाच की आमचा शेपटाचा शेतकरी कालव्याच्या तोंडाशी बसलेला होता.

मी वगळायला तयार नव्हतो, आणि त्यात माझा काही मोठेपणा नाही. आबांच्या गावाला मी दर आठवड्याला जायचो, तोंड दाखवायचं होतं. पण तांत्रिक कारणही होतं. आबांना लागणारा वेळ सेक्टरच्या वेळेतून काढायचाच का? टॉवरवर जुन्या कामातली एक डिश पडून होती, दोन फुटी. दोन फुटी डिशचा झोत ५ गिगाहर्ट्झवर सुमारे सहा अंशांचा असतो. ती टॉवरवर सेक्टरच्या खाली बांधायची, तोंड घाटाखाली झुकवायचं, तिला वेगळा रेडिओ आणि वेगळी वारंवारता द्यायची. वेगळी वारंवारता म्हणजे वेगळा वेळ. सेक्टरच्या सेकंदाला हातच लागत नाही.

डिशबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो, तो इथंच सांगतो. डिश मोठी म्हणजे ताकद जास्त, असं समजून पोरं मोठमोठ्या डिश चढवतात. परवानामुक्त पट्ट्यात मर्यादा असते ती अँटेनातून एका दिशेला बाहेर पडणाऱ्या एकूण शक्तीवर. झोत अरुंद केला की रेडिओची शक्ती त्या मानानं खाली आणावी लागते. म्हणजे कायद्यानं वागलं तर पाठवणाऱ्या टोकाला मोठ्या डिशमुळं ताकद वाढत नाही. मिळतं ते दुसरंच. हवी ती शक्ती हव्या त्या दिशेला मिळते, ऐकताना कान तीक्ष्ण होतो आणि आजूबाजूला कालवा होत नाही. आबांच्या गावाला तेवढंच हवं होतं. त्यांना ताकद कमी पडत नव्हती, ती डोक्यावरून जात होती.

पावसानंतरच्या चिखलात टॉवर चढणं हा वेगळा विषय आहे, त्याबद्दल लिहीत नाही. बांधून झालं. मी वर, सहकारी आबांच्या गच्चीवर, दोघांच्या कानाला फोन. “मायनस बहात्तर… थांब… पासष्ट… जरा खाली… अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, हलवू नको!” या आकड्यांत जितका शून्याकडं जाल तितका सिग्नल चांगला. १० मेगाबिटवर अडकलेलं गाव ४० वर आलं. त्या डिशच्या वेळेतला दहावा हिस्सा चित्राला पुरला.

आणि मग सेक्टर बिघडला.

दोन रेडिओ एकाच टॉवरवर, मध्ये हातभर अंतर. वारंवारता वेगळी असली तरी स्वस्त रेडिओची गळती शेजारच्या कानात जातेच. सेक्टर लांबच्या गावाचं क्षीण बोलणं ऐकत असतो आणि नेमकी तेव्हाच डिश त्याच्या कानापाशी ओरडते. मग सेक्टरला काही ऐकू येत नाही. वारंवारता आणखी लांब नेली तर थोडा फरक पडला, पण पूर्ण नाही.

यावरचा उपाय आम्ही शोधलेला नाही, तो भारतातच झालेल्या कामातून आला आहे. आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पात कानपूरच्या आसपासच्या खेड्यांना लांब पल्ल्याच्या वायफायनं जोडत होते. तिथं भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांना हीच अडचण आली. एका टॉवरवर अनेक दिशांना डिश, सगळ्या एकमेकींच्या कानाशी. त्यांनी २००५ साली टूपी नावाची पद्धत मांडली. टॉवरवरच्या सगळ्या अँटेना एकदम बोलतील आणि एकदम ऐकतील. एक बोलतोय आणि दुसरा ऐकतोय, असं कधी होऊच द्यायचं नाही. दोघेही पुढं आयआयटी मुंबईत आले. याच संस्थेच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पानं पालघर जिल्ह्यातल्या गावांत बिनतारी जोडणीवर काम केलं आणि त्याला २०१७ मध्ये मोझिलाचं पारितोषिक मिळालं. मराठी वृत्तपत्रांत या कामांविषयी चार ओळी याव्यात तेवढंही आलेलं मला आठवत नाही.

आमच्या रेडिओंत जीपीएसच्या घड्याळावर पाळी जुळवायची सोय होती, पण ती कुणी कधी चालू केली नव्हती. ती चालू केली. दोन्ही रेडिओ एकाच क्षणी बोलायला लागले आणि एकाच क्षणी गप्प बसून ऐकायला लागले, काही मिलिसेकंदांच्या ठोक्यावर. सेक्टर पुन्हा सुधारला.

पण या पद्धतीत एक अट येते. बोलण्याचा आणि ऐकण्याचा वाटा दोघांचा सारखाच असावा लागतो. एकानं चार भागांपैकी तीन भाग बोलायचं ठरवलं तर दुसऱ्यालाही तेच. आणि त्या वर्षी शाळा ऑनलाइन होत्या. सकाळी दहापासून दुपारपर्यंत पोरं कॅमेरा लावून बसलेली, म्हणजे घरातून टॉवरकडं येणारा डेटा जास्त, टॉवरला ऐकायला वेळ जास्त हवा. संध्याकाळी आरती आणि छबिना, म्हणजे टॉवरला बोलायला वेळ जास्त हवा. एकच वाटा दोन्हींना पुरत नव्हता. मग मी दिवसाचं पाळीपत्रकच केलं. दुपारपर्यंत निम्मं बोलणं, निम्मं ऐकणं. संध्याकाळी सहानंतर तीन भाग बोलणं, एक भाग ऐकणं. वाटा बदलताना दोन्ही रेडिओ काही सेकंद बंद पडायचे, म्हणून बदल अशा वेळी ठेवला की ना तास चालू असेल ना आरती. पहिल्या दिवशी एका मास्तरांचा फोन आला, त्यांचा जादा तास चालू होता. वेळ पुढं सरकवली.

पावती नसल्यामुळं हरवणारी पाकिटं उरलीच होती. त्यासाठी प्रत्येक दहा पाकिटांमागे दोन जादा पाठवायची सोय केली, ज्यांच्यावरून हरवलेली परत बांधता येतात. वेळेचा खर्च पाचव्या हिश्शानं वाढला, सेक्टरवर उरलेल्या चौघांसाठीच्या १६ चे १९ टक्के झाले. चौकोन जवळपास गेले. आणखी एक फायदा झाला जो कुणी ठरवला नव्हता. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण मागं मागं चालतं, त्यामुळं मोबाईलवर आरती सुरू व्हायच्या आत गावच्या टीव्हीवर ती बरीच पुढं गेलेली असायची. पुण्यात अडकलेल्या पोराला गावातली आई फोनवर सांगायची, आता बघ, आता धुपारती येईल.

दसरा २५ तारखेला झाला. तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येणारी पालखी आणि सीमोल्लंघन गावांनी टीव्हीवर बघितलं. त्यानंतर देवी पौर्णिमेपर्यंत निद्रेला जाते. तेवढे दिवस चॅनेलवर दाखवायला फारसं नव्हतं, आम्हीही झोपलो.

पुढं अभ्यास म्हणून वाचलं तेव्हा दिसलं की झोत आणि मल्टिकास्टच्या या वाटणीवर संशोधकांनी बारकाईनं डोकं चालवलंय. कार्तिकेयन सुंदरेसन आणि सहकाऱ्यांचा २००९ च्या मोबिकॉम परिषदेतला लेख थेट याच प्रश्नावर आहे. झोत फिरवता येणारा अँटेना असेल तर कोणते झोत एकत्र बांधून एकदाच बोलायचं आणि कोणते वेगळे ठेवायचे? झोत रुंद केला तर एका बोलण्यात जास्त जण येतात, पण शक्ती वाटली जाऊन वेग उतरतो. अरुंद केला तर वेग चढतो, पण पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. मधला नेमका बिंदू गणितानं काढता येतो. आमच्या टॉवरवरचे झोत लोखंडी क्लॅम्पनं आवळलेले होते, ते फिरत नव्हते. तरी प्रश्न तोच होता.

अशा लेखांत मला एक गोष्ट खटकते, आणि ती तक्रार म्हणूनच सांगतो. बहुतेक ठिकाणी मोजमाप ‘एकूण किती डेटा पोचला’ याचं असतं. या मोजमापानं आबांचं गाव वगळणारा वेळापत्रककार हुशार ठरतो. सगळ्यात मागं पडलेल्याला किती मिळालं, हा आकडा पहिल्या ओळीत असायला हवा. तो तिथं असता तर आमच्या मालकांनी ‘सोडलं तर?’ असं विचारण्याआधी ‘डिश कुठं आहे?’ असं विचारलं असतं.

फायबर पुढं जोडली गेली आणि कंट्रोल रूम पुन्हा तारेवर गेल्या. राज्यातली देवळं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. दोन्ही रेडिओ राखीव म्हणून टॉवरवरच राहिले. पण त्यांच्यात एक उणीव होती, ती अजून कुणी भरून काढलेली नाही. एखाद्या गावाचा सिग्नल ओल्या झाडांमुळं किंवा वाऱ्यानं हललेल्या डिशमुळं अचानक उतरला, तर त्याला वेगळ्या झोतात टाकायचं की सगळ्यांचा वेग खाली आणायचा, हे माणसानं रात्री उठून ठरवावं लागतं. हे आपोआप ठरवणारी साधी आज्ञावली स्वस्त रेडिओंवर चालवता येण्यासारखी आहे. धाराशिव, सोलापूर, लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हजेरी घेणारी ॲपं करत बसतात. त्यांनी हा विषय घ्यावा. दोन जुने रेडिओ, एक उंच गच्ची आणि एक खोलगट गाव एवढं पुरतं, आणि आपल्या जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत.